संगणकाचा वेग कशाने मोजावा?

मोटार अधिक वेगवान की मालगाडी, असा प्रश्न कोणी विचारला तर आपण बहुधा हसू. एका माणसाला तातडीने परगावी जायचे असेल तर मोटार बरी; खाणीतला कोळसा वीजकेंद्रापर्यंत पोचवायचा असेल तर मालगाडीवाचून गत्यंतर नाही. मोटार ताशी शंभर किलोमीटर धावते आणि मालगाडी पन्नास, म्हणून कोळसा मोटारीतून न्यावा असे कोणी सुचवीत नाही. वाहनांच्या बाबतीत ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याचीही गरज भासत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न आपण अगदी गंभीरपणे विचारतो, आणि त्याचे उत्तर एका आकड्यात मिळावे अशी अपेक्षा धरतो.

सरकारी कचेऱ्या, बँका, विद्यापीठे, सहकारी संस्था या सर्वांना आता संगणक विकत घ्यावे लागतात. खरेदीच्या फाइलीत निरनिराळी दरपत्रके शेजारी शेजारी ठेवली की एक विसंगती चटकन डोळ्यांत भरते. एखाद्या लॅपटॉपच्या प्रोसेसरपुढे ५.१ गिगाहर्ट्झ असा आकडा असतो. कितीतरी पट महाग असलेल्या सर्व्हरच्या प्रोसेसरपुढे मात्र जेमतेम ३.७. अधिक पैसे देऊन कमी वेग विकत का घेतला, असा आक्षेप लेखापरीक्षकाने काढला तर तो वरवर पाहता बिनतोड वाटतो. या आक्षेपाला समर्पक उत्तर देणे ज्याला जमत नाही तो अधिकारी दोहोंपैकी एक चूक करण्याचा संभव असतो. आक्षेपाच्या भीतीने तो मोठ्या आकड्याचे, पण कामाला अपुरे यंत्र घेतो. किंवा किंमत जास्त म्हणजे गुण जास्त असे मानून, जिथे साधा लॅपटॉप पुरला असता तिथे भला मोठा सर्व्हर आणून ठेवतो. पहिल्या चुकीची किंमत अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ताटकळणारा नागरिक मोजतो. दुसरीची किंमत सार्वजनिक तिजोरी. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा आहे असे समजून चालणार नाही.

प्रथम प्रोसेसर म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. संगणकातील सर्व आकडेमोड, तुलना आणि निर्णय ज्या एका लहानशा सिलिकॉनच्या चकतीवर होतात तिला प्रोसेसर म्हणतात. इंटेल कंपनीने १९७१ साली बाजारात आणलेला ४००४ हा या जातीचा आद्य पुरुष. बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणनयंत्रासाठी तो मुळात बनविला गेला होता. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि त्याचे घड्याळ सेकंदाला सुमारे ७ लक्ष ४० हजार ठोके देत असे. घड्याळ हा शब्द येथे थोडा विशेष अर्थाने घ्यावयाचा. कवायतीत जसे ढोलाच्या ठोक्यावर पाऊल पडते, तसे प्रोसेसरमधील प्रत्येक काम या ठोक्यावर एकेक पाऊल पुढे सरकते. सेकंदाला शंभर कोटी ठोके म्हणजे एक गिगाहर्ट्झ. ५.१ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५१० कोटी ठोके. दोन ठोक्यांमधल्या अवकाशात प्रकाशकिरणसुद्धा फार तर सहा सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे आपल्या तळहाताची लांबीही ओलांडत नाही. यावरून या वेगाची काहीशी कल्पना येईल.

परंतु ढोल जलद वाजला म्हणजे पलटण अधिक अंतर कापतेच असे नाही. पाऊल किती लांब पडते तेही पाहावे लागते. एका ठोक्यात एक प्रोसेसर दोन कामे उरकीत असेल आणि दुसरा चार, तर दुसऱ्याचे घड्याळ संथ असूनही तोच पुढे जाईल. म्हणून निरनिराळ्या घराण्यांतील प्रोसेसरांची तुलना केवळ गिगाहर्ट्झवर करणे मुळातच सदोष आहे. तुलना न्याय्य व्हावी यासाठी आपण एकाच घराण्यातले दोन भाऊ घेऊ.

एएमडी या अमेरिकन कंपनीने ‘झेन ४’ या नावाची एक रचना केली. प्रोसेसरच्या आत जो प्रत्यक्ष काम करणारा घटक असतो त्याला कोर म्हणतात. झेन ४ हा अशा कोरचाच आराखडा होय. हाच कोर घेऊन कंपनीने २०२२ च्या नोव्हेंबरात ‘एपिक ९६५४’ हा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर बाजारात आणला, आणि २०२३ साली ‘रायझेन ७ ७८४०यू’ हा लॅपटॉपसाठीचा. लॅपटॉपमधल्या भावाजवळ ८ कोर आहेत, सर्व्हरमधल्याजवळ ९६. लॅपटॉपचा कोर क्षणभर ५.१ गिगाहर्ट्झपर्यंत चढू शकतो, आणि दीर्घकाळ भरीव काम करताना ३.३ ही त्याची मूळ गती आहे. सर्व्हरच्या कोरची कमाल गती ३.७, मूळ गती २.४. लॅपटॉपचा प्रोसेसर साधारणपणे २८ वॉट वीज वापरील अशा बेताने बनविला आहे. सर्व्हरचा ३६० वॉट. आणि सर्व्हरच्या या प्रोसेसरची जाहीर किंमत आरंभी ११,८०५ डॉलर होती; तेवढ्या पैशांत लॅपटॉपच नव्हेत, तर लॅपटॉपची एक रांग उभी राहील.

या आकड्यांतून एक साधा भागाकार करून पाहावा. ३६० वॉटना ९६ कोरांनी भागले तर कोरमागे पावणेचार वॉट येतात. २८ वॉटना ८ ने भागले तर साडेतीन. म्हणजे माणशी शिधा जवळजवळ सारखाच! हा योगायोग नव्हे. दोन्ही यंत्रांवर राज्य करणारा कायदा एकच आहे, आणि तो उष्णतेचा आहे.

प्रोसेसरमध्ये जाणारी वीज अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ठोक्यांची गती वाढविली तर त्याच प्रमाणात उष्णता वाढते. पण गती वाढवायची म्हणजे विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती व दाब दोन्ही एक पंचमांशाने वाढविले तर उष्णता पाऊणपटीच्या आसपास वाढते. उलटपक्षी, दोन्ही एक पंचमांशाने उतरविले तर उष्णता जवळजवळ निम्म्यावर येते. याचा अर्थ असा, की एक जलद कोर जेवढी वीज खाईल तेवढ्याच विजेत किंचित संथ असे दोन कोर चालतील, आणि ते दोघे मिळून पहिल्याच्या एकूण १.६ पट काम करतील. मात्र एक अट आहे. काम दोघांत वाटता आले पाहिजे. या एका अटीत आपल्या विषयाचे बहुतेक सर्व मर्म साठविले आहे.

हे शहाणपण उद्योगाला सहजासहजी सुचले नाही. १९७४ साली आय.बी.एम. कंपनीचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले होते, की ट्रान्झिस्टर जसजसा लहान होईल तसतसा त्याला लागणारा दाबही उतरविता येईल, आणि म्हणून उष्णता न वाढविता गती वाढवीत नेता येईल. पुढे सुमारे तीस वर्षे हे गणित जमत गेले. गिगाहर्ट्झचा आकडा म्हणजेच संगणकाची थोरवी, ही समजूत त्याच काळात रुजली. पण ट्रान्झिस्टर फारच लहान झाल्यावर बंद असतानाही त्यातून वीज झिरपू लागली; दाब आणखी उतरविणे अवघड झाले. इंटेलचा पेन्टियम ४ हा प्रोसेसर २००४ साली ३.८ गिगाहर्ट्झवर जाऊन थबकला. ४ गिगाहर्ट्झचा जो प्रोसेसर येणार म्हणून गाजावाजा झाला होता तो कंपनीला त्याच वर्षी रद्द करावा लागला.

या कथेचा उत्तरार्ध मोठा बोधप्रद आहे. पेन्टियम ४ ऐन भरात असताना, इस्रायलमधील हैफा येथे इंटेलच्याच एका तुकडीने केवळ लॅपटॉपसाठी एक वेगळा प्रोसेसर घडविला. २००३ च्या मार्चमध्ये तो पेन्टियम एम या नावाने आला. बॅटरीवर चालायचे म्हणून त्याला सुमारे २५ वॉटमध्ये भागवावे लागे. मेजावरच्या संगणकात बसणारा त्याचा थोरला भाऊ त्या वेळी ८० वॉटहून अधिक वीज घेत असे. पेन्टियम एमचे घड्याळ आरंभी १.३ ते १.७ गिगाहर्ट्झचे होते. पेन्टियम ४ तीन गिगाहर्ट्झच्या पुढे गेला होता. आकडा जवळजवळ निम्मा. पण प्रत्येक ठोक्यात अधिक काम उरकण्याची हातोटी असल्यामुळे अनेक कामांत तो थोरल्याला, घड्याळातील अंतर पाहता कोणाला वाटले नसते इतक्या जवळून गाठीत असे. २००६ साली इंटेलने पेन्टियम ४ ची वाट सोडली, आणि या लॅपटॉपच्या वंशातून ‘कोर’ या नावाची नवी रचना सिद्ध केली. ती लॅपटॉपमध्ये तर गेलीच, पण त्याच वर्षी झिऑन या नावाने सर्व्हरमध्येही जाऊन बसली. बॅटरीच्या टंचाईत वाढलेल्या मुलाची काटकसर मोठ्या घरच्या कारभारालाही उपयोगी पडली, ती अशी. कारण हजारो सर्व्हर एका छपराखाली कोंडले की तेथेही वीज आणि उष्णता हीच टंचाई असते.

ही देवघेव पुढेही चालू राहिली. भ्रमणध्वनीच्या छोट्या बॅटरीवर पोसलेली आर्म ही प्रोसेसरांची जात २०१८ साली ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन या सर्व्हर-प्रोसेसरात दिसली, आणि २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलच्या एम१ या नावाने लॅपटॉपमध्ये. त्यांपैकी मॅकबुक एअर या लॅपटॉपात तर पंखाही नव्हता. सर्व्हरचा प्रोसेसर उच्च कुळातला आणि लॅपटॉपचा कनिष्ठ, ही कल्पना या इतिहासापुढे टिकत नाही. कूळ पुष्कळदा एकच असते; नेमणूक वेगळी असते.

आता वर सांगितलेल्या अटीकडे वळू. काम वाटता येते की नाही, यावर दोहोंतला जय-पराजय कसा फिरतो, हे १९६७ साली जीन आम्डाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने एका छोट्या निबंधात मांडले. त्याचा सिद्धांत आपल्या कचेरीच्या भाषेत असा सांगता येईल. समजा, सर्व्हरच्या एकट्या कोरला शंभर मिनिटे लागतील असे एक काम आहे. त्यातील पन्नास मिनिटांचे काम क्रमाक्रमानेच व्हावयास हवे. पहिली सही झाल्याशिवाय दुसरी होऊ शकत नाही, अशा प्रकारचे. उरलेल्या पन्नास मिनिटांचे काम मात्र कितीही जणांत वाटता येते. सर्व्हरचे ९६ कोर या वाटून देण्याजोग्या भागाचा अर्ध्या मिनिटात फडशा पाडतील. पण क्रमाच्या भागाला पन्नास मिनिटे लागणारच. एकूण साडेपन्नास मिनिटे. लॅपटॉपचे कोर आठच. पण मूळ गती पाहा किंवा कमाल गती पाहा, त्याचा प्रत्येक कोर सर्व्हरच्या कोरपेक्षा सुमारे १.४ पट जलद आहे. केवळ घड्याळाचा हिशेब धरला तर तेच काम तो सुमारे ४१ मिनिटांत संपवील. म्हणजे अकरा हजार डॉलरचा प्रोसेसर मागे पडला, आणि मांडीवरचा लॅपटॉप पुढे गेला!

क्रमाचा भाग पन्नासऐवजी दहाच मिनिटांचा असेल तर पारडे फिरते. सर्व्हरला सुमारे ११ मिनिटे लागतील, लॅपटॉपला साडेपंधरा. सर्व्हर जिंकला, पण कोर बारापट असूनही त्याने वाचविली ती साडेचार मिनिटे. आता तिसरा प्रकार घ्या. ९६० अर्ज आहेत, प्रत्येकाला सर्व्हरच्या एका कोरवर एक मिनिट लागते, आणि एका अर्जाचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही. सर्व्हर हे सारे अर्ज दहा मिनिटांत हातावेगळे करील. लॅपटॉपला जवळजवळ दीड तास लागेल. यंत्रे तीच, गती त्याच. बदलले आहे ते केवळ कामाचे स्वरूप.

आपल्या देशात आज हा तिसरा प्रकार किती मोठ्या प्रमाणावर घडतो, याची दोन उदाहरणे पुरेत. रेल्वेची तत्काळ आरक्षणे वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० वाजता आणि इतर डब्यांसाठी ११ वाजता उघडतात. त्या मिनिटाला देशाच्या कानाकोपऱ्यांतून लोक एकदम आपापली बटणे दाबतात. भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची जी यू.पी.आय. पद्धत २०१६ साली सुरू झाली, तिच्यावरील एका महिन्यातले व्यवहार २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रथमच १,००० कोटींच्या वर गेले. म्हणजे रात्रंदिवस, दर सेकंदाला सरासरी साडेतीन हजारांहून अधिक व्यवहार. यांतला एकेक व्यवहार अगदी किरकोळ आहे. भाजीवाल्याला तीस रुपये पोचविण्यासाठी ५१० कोटी ठोक्यांच्या कोरची काहीच आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती खिडक्यांची. टपालकचेरीत एकच कारकून वाघासारखा हुशार असला, तरी दाराबाहेर पाचशे माणसांची रांग असेल तर शेवटच्या माणसाला त्या हुशारीचा लाभ नाही. त्याला हव्या आहेत मध्यम हाताच्या कारकुनांच्या पुष्कळ खिडक्या.

मध्यम हाताचे पुष्कळ कामकरी एकत्र आणून मोठे काम साधण्याचा मार्ग आपल्या तंत्रज्ञांनाही परिचित आहे. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने, डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यासाठी त्यांनी एखादा अचाट वेगाचा प्रोसेसर शोधला नाही. ट्रान्स्प्युटर नावाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशी जोडले, आणि काम त्यांच्यात वाटून देण्याची विद्या हस्तगत केली. मोठे हवामानशास्त्रीय गणित वाटता येण्याजोगे असते, म्हणूनच हा उपाय लागू पडतो.

खिडक्या वाढविल्या की आणखी एक व्यवस्था करावी लागते. प्रत्येक कारकुनापर्यंत कागद वेळेवर पोचले पाहिजेत. प्रोसेसरचे कागद म्हणजे मेमरीतील माहिती. मेमरीपर्यंत जाऊन परत यायला साधारणपणे शंभर नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक कोट्यंश लागतो. तो काळ आपल्याला नगण्य. पण ५ गिगाहर्ट्झच्या कोरच्या हिशेबाने तेवढ्यात पाचशे ठोके निघून जातात. म्हणून वारंवार लागणारी माहिती कोरच्या शेजारी कॅश नावाच्या छोट्या कपाटात ठेवतात. आपल्या सर्व्हर-प्रोसेसरजवळ असे सामाईक कपाट एकूण ३८४ मेगाबाइटचे आहे, लॅपटॉपजवळ १६. सर्व्हरला मेमरीकडे जाणाऱ्या बारा वाटा आहेत, आणि त्यांवरून सेकंदाला ४६० गिगाबाइट माहिती येऊ शकते; लॅपटॉपच्या दोन वाटांवरून, ५,६०० च्या दर्जाची डीडीआर५ मेमरी लावली तर, सुमारे ९०. सर्व्हर पाचपट पुढे दिसतो. पण येथेही भागाकार केला की चित्र पालटते. सर्व कोर कामाला लागले असता सर्व्हरच्या वाट्याला कोरमागे ४.८ गिगाबाइट येतात, लॅपटॉपच्या वाट्याला ११.२. अर्थात जे काम मेमरीतून अखंड माहिती ओढीत राहते, त्यात सर्व्हरचे कित्येक कोर हात जोडून बसण्याचा संभव असतो. कोर मोजून निविदा काढणाऱ्यांनी हा भागाकार अवश्य करावा.

एक गुण मात्र असा आहे की तो वेगाच्या कोणत्याही कोष्टकात दिसत नाही; आणि माझ्या मते सार्वजनिक कामात त्याचे मोल वेगाहूनही अधिक आहे. मेमरीत प्रत्येक गोष्ट शून्य आणि एक या चिन्हांनी लिहिलेली असते. अंतराळातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे, किंवा अन्य सूक्ष्म कारणाने, क्वचित एखाद्या शून्याचा एक होऊन बसतो. पत्र लिहिताना असे झाले तर एखादे अक्षर बिघडेल. पण निवृत्तिवेतनाच्या हिशेबात, जमिनीच्या नोंदीत किंवा रुग्णाच्या औषधमात्रेत तसे झाले तर? रिचर्ड हॅमिंग या गणितज्ञाने १९५० साली अशा चुका आपोआप ओळखून दुरुस्त करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. माहितीबरोबर काही जादा चिन्हे साठवावयाची. प्रचलित पद्धतीत ६४ चिन्हांमागे ८. एखादे चिन्ह पालटले तर या साक्षीदारांवरून कोणते पालटले ते कळते, आणि ते जागच्या जागी सुधारले जाते. सर्व्हरमध्ये अशी मेमरी हा रिवाज आहे. बहुतेक लॅपटॉपांत ती नसते. या पहाऱ्यासाठी थोडी मेमरी आणि थोडे पैसे अधिक लागतात. ज्या यंत्राने वर्षानुवर्षे, रात्रंदिवस, हजारो लोकांचे हिशेब सांभाळावयाचे, त्याच्यासाठी तो खर्च हा उधळेपणा नव्हे.

विजेचा हिशेबही असाच कामाच्या स्वरूपावर अवलंबून असतो. आपला सर्व्हर-प्रोसेसर वर्षभर पूर्ण भाराने चालला तर एकटा सुमारे ३,१५० युनिट वीज घेईल. त्याला थंड ठेवण्याचा खर्च वेगळा. लॅपटॉपचा प्रोसेसर रोज आठ तास, वर्षातले अडीचशे दिवस चालला तर सुमारे ५६ युनिट. ६० वॉट-तासांच्या लॅपटॉपच्या बॅटरीवर सर्व्हरचा प्रोसेसर चालविण्याचा कोणी हट्ट धरला तर ती दहा मिनिटांत रिकामी होईल. लॅपटॉपची खरी कला निराळी आहे. दिवसाचा बहुतेक काळ तो अर्धवट झोपेत असतो. आपण कळ दाबली की क्षणात जागा होतो, सगळी शक्ती एका कोरमध्ये ओततो, काम उरकतो आणि पुन्हा डोळे मिटतो. ५.१ हा आकडा त्या क्षणाचा आहे. तो चोवीस तासांचा नव्हे. पातळ लॅपटॉपवर जड काम लावून दहा मिनिटे थांबावे; पहिल्या मिनिटाचा वेग दहाव्या मिनिटाला राहिलेला नसतो. सर्व्हरचे आकडे मात्र अखंड राबण्याच्या बेताने ठरविलेले असतात.

मग तुलना करावी तरी कशी? तंत्रज्ञांनी याचा विचार केला आहे. १९८८ साली स्थापन झालेली स्पेक ही संस्था प्रोसेसरांच्या परीक्षा ठरविते. तिच्या ‘सीपीयू २०१७’ या परीक्षेत निरनिराळ्या प्रकारचे ४३ प्रश्न आहेत, आणि विशेष म्हणजे गुणपत्रके दोन प्रकारची आहेत. एकात, एक काम किती लवकर संपले ते पाहतात; दुसऱ्यात, एकाच कामाच्या अनेक प्रती एकदम चालवून ठराविक काळात एकूण किती काम झाले ते पाहतात. दोन्हींत एका जुन्या, सन फायर व्ही४९० नावाच्या सर्व्हरला प्रमाण धरून, त्याच्या कितीपट काम झाले ते सांगतात. वेग हा एक गुण नसून दोन गुण आहेत, ही गोष्ट या संस्थेने आपल्या परीक्षेच्या रचनेतच मान्य केली आहे. पहिल्याला आपण चपळता म्हणू, दुसऱ्याला उरक. एका विद्यार्थ्याचे पहिले गुणपत्रक आणि दुसऱ्याचे दुसरे शेजारी ठेवून क्रमांक लावणे जितके अन्यायाचे, तितकेच एका प्रोसेसरची चपळता आणि दुसऱ्याचा उरक ताडून पाहणे.

यातून व्यवहारात उपयोगी पडतील असे प्रश्न सहज निघतात. यंत्रावर एका वेळी किती माणसे काम करणार? त्यांची कामे एकमेकांवर अवलंबून आहेत की स्वतंत्र? एकेका कामाचा कितीसा भाग क्रमानेच होणे भाग आहे? माहिती कॅशमध्ये मावेल की मेमरीतून सतत ओढावी लागेल? यंत्र दिवसातून दोन तास चालणार की अष्टौप्रहर? एका चिन्हाची चूक चालण्याजोगी आहे काय? या प्रश्नांची उत्तरे टिपणीत लिहून ठेवली, तर कमी गिगाहर्ट्झसाठी अधिक पैसे का दिले या आक्षेपाला वेगळे उत्तर द्यावे लागत नाही. उलट, एकाच संशोधकाने एका वेळी एकच क्रमबद्ध गणित चालवावयाचे असेल तर सर्व्हरची मागणी परत पाठविण्याचे धैर्यही त्याच टिपणीतून येईल. आणि शक्य असेल तेथे, आकड्यांवर विसंबण्याऐवजी आपलेच रोजचे काम दोन्ही यंत्रांवर चालवून पाहावे. दुसऱ्याच्या परीक्षेचे गुण हे अखेर दुसऱ्याच्या कामाचे गुण असतात.

आकडे बदलत राहतील. २०२४ साली त्याच कंपनीने १९२ कोर असलेला सर्व्हर-प्रोसेसर आणला, आणि त्यासाठी कोरची बांधणी मुद्दाम आटोपशीर करून त्याच्या कमाल गतीवर थोडे पाणी सोडले. चपळतेचा काही अंश देऊन उरक घेण्याचा तोच जुना सौदा. पण बाजारात उद्या कोणतेही नाव येवो, यंत्राच्या एका बाजूला कोणीतरी वाट पाहत असते, हे बदलणार नाही. लॅपटॉपपुढे बसलेला माणूस एकटा असतो आणि त्याला आपले काम आत्ता व्हावयास हवे असते. सर्व्हरपुढे वाट पाहणारी माणसे सहस्रावधी असतात, आणि त्यांतल्या शेवटच्या माणसाचा क्रमांक केव्हा लागतो, यावर त्या यंत्राचा खरा वेग मोजावयाचा असतो.